कुंकवाच्या खुणेवर जोडलेला शाफ्ट

माझ्या बाबांचा पाय थरथरतो, हे मला बाहेरच्या बाईकडून कळलं, आणि तेही झेरॉक्स काढता काढता.

तलासरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाबा वेवजी ते तलासरी शेअरची जीप चालवायचे, बाजाराच्या दिवशी थेट डहाणूपर्यंत. त्यांच्या जीपने रोज भाजी घेऊन येणाऱ्या एक मावशी त्या दिवशी आधार कार्ड घेऊन दुकानात आल्या. कागद हातात घेतल्यावर म्हणाल्या, "बाय, रागवू नको. तुझ्या बाबाचा पाय आता पेडलवर ठरत नाय. गाडी सगली लटलटते. आमी बाया उद्यापासून दुसऱ्या जीपीत बसू."

रागवू नको म्हटल्यावर जो राग येतो तो मला आला. "मावशी, आपला रस्ता बघितलाय का? त्या रस्त्यावर विमान चालवलं तरी लटलटेल."

"रस्ता मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बघते," त्या म्हणाल्या. "रस्त्याचं हलणं येगलं. हे येगलं."

त्या गेल्या आणि मी मशीनचं झाकण उघडं टाकून तशीच उभी राहिले. माझे बाबा म्हणजे आमच्या भागात गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द. घाटावरून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ते घरात बसल्या बसल्या सांगायचे, हिचा मागचा ब्रेक धरतोय. पहिलटकरीण बाई दवाखान्यात न्यायची असली की लोक दुसऱ्या चार जीप सोडून आमच्या दारात यायचे, कारण बाबांच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही म्हणून. त्या माणसाच्या पायाबद्दल कोथिंबिरीच्या जुड्या मोजणारी बाई मला सांगत होती. मला ते खरं वाटेना, आणि खोटंही वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुढे, बाबांच्या शेजारी बसले. आतल्या रस्त्यावर काहीच कळलं नाही, तिथे वेग धरता येतो कुठे. हायवेला लागल्यावर बाबांनी गाडी जरा पळवली आणि माझ्या पायाखालून एक थरथर सुरू झाली. आधी पत्र्यात, मग सीटमध्ये, मग माझ्या दातांत. गिअरचा दांडा थडथडायला लागला. मांडीवरचा मोबाइल घसरून खाली पडला. तो उचलायला वाकले तेव्हा मी बाबांचा पाय पाहिला. चपलेचा पुढचा भाग पेडलवर टकटक हलत होता.

मी वर पाहिलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण पाय सैल सोडला. वेग उतरला, थरथर थांबली.

"बाबा, हे कधीपासून?"

"पाय पावसाळ्यापासून. थोडा थोडा." ते समोर बघतच बोलत होते. "दसऱ्यानंतर वाढलं. आता पायाचं सगलं गाडीत उतरते."

मागे माणसं बसली होती म्हणून मी ओरडले नाही. नाहीतर मी शांत बसणाऱ्यांतली नाही, ते आमच्या सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

संध्याकाळी घरी गेल्यावर आईला फैलावर घेतलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, थापतच राहिली. तिला माहीत होतं. जेवायला बसल्यावर बाबा उजवा पाय मांडीखाली दाबून ठेवतात, हे तिने कधीच टिपलं होतं. "मग मला बोलली नाहीस?" तर म्हणाली, "तुला बोलले असते तर तू गावाला सांगितलं असतंस."

रात्रभर मी मनात भाषण तयार केलं. बाबा, आता पुरे. बाबा, दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. ते भांडतील तेव्हा काय बोलायचं, रुसून जेवण सोडतील तेव्हा काय करायचं, सगळं ठरवलं. सकाळी मी तोंड उघडलं, पहिलं वाक्यही पुरं झालं नव्हतं, आणि बाबांनी शर्टाच्या खिशातून जीपची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली.

"विकून टाक," ते म्हणाले.

मी हबकलेच. ज्या माणसाने टायरच्या दुकानदाराशी अख्खी दुपार भांडून टायर परत करायला लावला होता, तो माणूस एका शब्दाने भांडला नाही. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं. मी किल्ली उचलली तेव्हा तिच्यावर त्यांच्या खिशातली ऊब होती.

जीप बघायला सीमेपलीकडचा एक माणूस आला. चांगला तिशीतला, पायात जाड बूट, बोलणं अर्धं गुजराती. त्याने बॉनेट उघडून पाहिलं, चाकांना लाथा मारल्या, मग म्हणाला, जरा हायवेला मारून बघू. तो स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, मी मागे. आयुष्यात पहिल्यांदा बाबा स्वतःच्या गाडीत डावीकडे बसले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

हायवेला लागल्यावर त्या माणसाने पाय दाबला. आणि पत्र्यातून तीच थरथर सुरू झाली. मग सीट. मग गिअरचा दांडा.

मला वाटलं, माझाच भास. पण तो माणूस मान तिरकी करून ऐकत होता. "काका, गाडी तो थरथरे छे. खालचा जॉइंट बघितला का?"

बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते त्याच्या बुटाकडे बघत होते. बूट पेडलवर चिणून बसवल्यासारखा स्थिर होता.

"परत दाब," बाबा म्हणाले.

त्याने दाबला. थरथर वाढली.

"सोड. आता परत दाब."

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा बाबा हसले. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मागे मी चक्क रडायला लागले. त्या बिचाऱ्या माणसाला वाटलं असेल, ही गाडी विकायला निघालेलं घर आहे की वेड्यांचं इस्पितळ. "तुझ्या पायाखाली पण!" बाबा त्याला परत परत म्हणत होते. "अरे, तुझ्या पायाखाली पण!"

गाडी विकायची नाही, असं बाबांनी तिथेच जाहीर केलं. त्या माणसाने वाईट वाटून घेतलं नाही. माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला, म्हणाला, मन बदललं तर आधी मला सांगा, गाडी मला आवडली आहे, फक्त हे थरथरणं तेवढं काढून घ्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही डहाणूकडे निघालो. सरावलीला बाबांच्या नेहमीच्या फिटरचं गॅरेज आहे. बाबा सावकाश चालवत होते, पण ताठ बसले होते. आईसुद्धा बरोबर होती, तिला डहाणूत सुकी मासळी घ्यायची होती आणि त्याहून जास्त, नवऱ्याच्या पायाला कोणी नावं ठेवली होती त्यांची यादी वाटभर म्हणायची होती. "चोर सोडून संन्याशाला फाशी!" ती म्हणत होती. आदल्या आठवड्यात त्याच संन्याशाच्या पायाला ती रोज तेल चोळत होती, ते विसरून.

फिटर म्हणजे बाबांचा जुना भक्त. जीप खड्ड्यावर घेतली, चाकांना दगड लावले, आणि तो, बाबा आणि मी खाली उतरलो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारी जी लांब नळी असते तो शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक क्रॉस, आणि त्या क्रॉसला धरणारे लोखंडाचे दोन दोन कान. शाफ्ट मधून दोन तुकड्यांचा असतो, एक तुकडा दुसऱ्यात दात्यांवर सरकतो. दाते कुठेही बसतात. पण पुढचे कान आणि मागचे कान एका रेषेत आलेच पाहिजेत, नाहीतर शाफ्ट फिरताना अडखळत फिरतो आणि गाडीला थंडी भरते. मी लहान असताना बाबा हे मला जेवताना दोन हातांची बोटं एकमेकांसमोर धरून दाखवायचे. इतर मुलींना त्यांचे बाबा गोष्टी सांगत होते, मला शाफ्ट.

फिटरने आधी शाफ्ट हाताने पिळून पाहिला. खटकन वाजला. बाबांनी नाक मुरडलं. मग त्यांनी वर हात करून बांबूच्या दोन सरळ पट्ट्या मागितल्या. ही त्यांची स्वतःची पद्धत. एक पट्टी पुढच्या कानांवर आडवी धरायची, एक मागच्या कानांवर, आणि एका टोकाकडून डोळा लावून बघायचं. दोन्ही पट्ट्या एकीमागे एक लपल्या तर जोड बरोबर.

पुढची पट्टी फिटरने धरली, मागची मी. बाबांनी एक डोळा मिटला. मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. मग माझी पट्टी स्वतः धरली आणि म्हणाले, "तू बघ."

मी पाहिलं. एक पट्टी आडवी होती, दुसरी पार तिरपी, उतारावर ठेवल्यासारखी. चूक थोडीथोडकी असती तर तिला चूक म्हणता आलं असतं. हे भलतंच होतं.

"हे कोणी बसवलं?" मी विचारलं.

फिटरचा चेहरा उतरला. "मीच, ताई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमच्या अंगणात. पण मी खुणेला खूण लावली ना! काकांचीच खूण." त्याने फडकं घेऊन दात्यांजवळची नळी पुसली. ग्रीसखालून कुंकवाचा एक ठिपका निघाला. त्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या तुकड्यावर, दुसरा ठिपका. दोघं एकमेकांना चिकटून, अगदी नेटके.

आता हे सांगायला हवं. बाबा कुठलाही भाग उघडण्याआधी त्यावर कुंकवाने खूण करायचे. खडू ग्रीसमध्ये पुसला जातो, पण तेलात कालवलेलं कुंकू धरून बसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी डॅशबोर्डवर देवाच्या फोटोपाशी एक डबी कायम असायची. फिटर ही खूण पुरता ओळखून होता. काकांचा ठिपका दिसला की तो दुसरं काही बघायचाच नाही.

"मी खूण केलीच नव्हती," बाबा म्हणाले. "कंपनीचा बाण आहे ना त्याच्यावर, काळ्या रंगाखाली. मी कशाला करू? आणि तू आलास तवा मी घरी कुठं होतो? मयताला गेलो होतो."

"मग हे कोणी केलं?" फिटरने विचारलं.

आम्ही तिघं खड्ड्यात उभे, आणि वर, खड्ड्याच्या काठावर, आई. तिने पदर तोंडाला लावला होता. तिचे डोळे एवढे मोठे झालेले मी कधी पाहिले नव्हते.

"ते पूजेचं," ती म्हणाली.

"कसल्या पूजेचं?" बाबांनी विचारलं.

"दसऱ्याला सगल्या हत्यारांना लावलं. पाना, जॅक, कोयता, सगल्यांना. ते दोन दांडे अंगणात गोणपाटावर पडलेले. म्हटलं, ते पण गाडीचंच अंग. ह्यांची डबी समोर होती, तिच्यातलंच लावलं. मला काय ठावं, कुठं लावायचं! वरच्या बाजूला लावलं, बस."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुढचा क्रॉस झिजलेला निघाला म्हणून शाफ्ट खोलून ठेवला होता. सणाची दुकानं बंद, म्हणून तो तसाच अंगणात राहिला. दोन तुकडे जसे पडले होते तशीच त्यांच्यावर पूजा झाली, आणि फिटरने दुसऱ्या दिवशी येऊन भक्तिभावाने ठिपक्याला ठिपका जुळवून टाकला. दसऱ्यापासून माझ्या आईचं हळदीकुंकू हायवेवर थरथरत होतं, आणि सगळा गाव बाबांच्या पायाकडे बघत होता.

मला हसू येत होतं, पण ते फार टिकलं नाही. फिटरने शाफ्ट उतरवून मागचा क्रॉस काढला आणि त्याची टोपी तळहातावर उपडी केली. आत बारीक सुया असायला हव्यात. तिथून गंजाची लाल भुकटी पडली, नुसती भुकटी. तो हळू आवाजात बोलला, "काका, हे कधीही गेलं असतं. चालत्या गाडीत."

चालत्या गाडीत शाफ्ट सुटला आणि रस्त्यात रुतला की काय होतं ते मला बाबांनीच सांगितलेलं. भाजीच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसलेल्या बाया माझ्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांनी दुसऱ्या जीपमध्ये बसायचं ठरवलं म्हणून मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं.

आणि मग माझा राग बाबांवर फिरला. "तुम्ही! तुम्हाला दुसऱ्या गावातल्या गाडीचा ब्रेक ऐकू येतो. स्वतःच्या बुडाखाली एवढं वाजत होतं आणि एकदा खाली वाकून बघितलं नाहीत? इतकी माणसं घेऊन फिरत होतात!"

बाबांनी ती भुकटी बोटाने चोळून पाहिली. "मला वाटलं, मीच आहे," ते म्हणाले. "स्वतःला खोलून कुठं बघायचं?"

म्हणजे हा माणूस रोज त्या पेडलवर पाय ठेवत होता आणि गाडीचं प्रत्येक थरथरणं स्वतःच्या नावावर लिहून घेत होता. फिटरला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, काका, गाडीत काही नाही, तुम्हीच. ते ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मी हे तिथे उभ्या उभ्या समजून घेतलं.

फिटरने तारेच्या ब्रशने काळा रंग खरवडला. खालून बाण निघाला, दोन्ही तुकड्यांवर. बाणाला बाण लागला, नवे क्रॉस बसले, आणि पट्ट्या पुन्हा धरल्या तेव्हा मागची पट्टी पुढच्या पट्टीमागे पुरती लपली. बाबांनी फिटरच्या पाठीवर थाप मारली. तो मान वर करत नव्हता. आईने त्याला दोनदा समजावलं, "तुझी काय चूक, बाबा, कुंकवावर कोण शंका घेतो?" मग आम्ही चहा घेतला, आईने मासळी घेतली, आणि परत निघालो.

बाबा खुशीत होते. आईला म्हणाले, पुढच्या दसऱ्याला इंजिनालाच हळद लाव, नाचत जाईल. आई मागून म्हणाली, तुमच्या डोक्याला लावते आधी. भाजीवाल्या मावशींना उद्या पुढच्या सीटवर बसवायचं आणि हायवेला पळवून दाखवायची, असं बाबांनी ठरवलं. पहिलटकरणींना परत आपल्याच दारात यावं लागेल, म्हणाले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. मला वाटलं, आता माझं दुकान गेलं तरी चालेल.

चारोटीनंतर हायवेला नवं काँक्रीट लागलं. बाबांनी वेग घेतला. पत्रा गप्प. सीट गप्प. गिअरचा दांडा जागच्या जागी. मोबाइल मांडीवर तसाच राहिला. "बघ," बाबा म्हणाले, "लोण्यासारखी."

त्या शांततेत मला इंजिन ऐकू यायला लागलं. त्याचा आवाज चढत होता, उतरत होता, परत चढत होता. रस्ता सरळ, समोर गाडी नाही, चढ नाही. मी कारणं शोधू लागले. डिझेलमध्ये कचरा असेल. फिल्टर तुंबला असेल. फिटरने घाईत कुठला पाइप ढिला ठेवला असेल. आवाज चढत होता आणि उतरत होता. मी मनात म्हणत होते, फिल्टर, फिल्टरच, आणि खाली बघायचं टाळत होते. त्या मावशींच्या बोलण्याने मला धक्का बसला होता, शाफ्टमधल्या भुकटीने बसला होता, पण हा त्याहून वाईट होता, कारण आता दुसरं काही वाजतच नव्हतं.

मग बघितलं. टाच चटईवर टेकलेली होती. चपलेचा पुढचा भाग पेडलवर टकटक हलत होता.

बाबांचं बोलणं थांबलं होतं. ज्यांना गावापलीकडचा ब्रेक ऐकू येतो त्यांना हे आधीच ऐकू आलं होतं. त्यांनी डाव्या बाजूचा सिग्नल दिला, गाडी सावकाश कडेला घेतली, आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं? का थांबवली?" आई मागून विचारत होती. "परत काय बिघडलं?"

बाबांनी उजवा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. मग किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"बाय, त्या माणसाला फोन लाव," ते म्हणाले. "सांग, गाडीत आता काय खोट नाय."